साडेसातवं कलम

कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेचं पहिलं प्रकरण म्हणजे नागरिकांच्या हक्कांची यादी. त्यात एक साडेसातवं कलम आहे. सातव्या आणि आठव्याच्या मध्ये मागाहून घुसवलं, म्हणून साडेसात. आपल्याकडच्या माणसाला हा आकडा वाचून जे आठवायचं तेच आठवतं, आणि या बाबतीत ते फारसं चुकीचंही नाही. शनीची साडेसाती निदान ठरल्या वेळी उतरते. ही सोळा वर्षं ठाण मांडून बसली, आणि तिला उतरवायला ५ नोव्हेंबर २०२४ला दीड कोटीच्या आसपास मतदारांना मत द्यावं लागलं.

२००८ साली त्या कलमात इंग्रजीतले अवघे चौदा शब्द बसवले गेले. अर्थ असा की कॅलिफोर्नियात फक्त स्त्री आणि पुरुष यांच्यातलाच विवाह वैध धरला जाईल, त्यालाच मान्यता मिळेल. २०२४ साली ते शब्द खोडले आणि त्याच जागी लिहिलं, विवाह करण्याचा हक्क हा मूलभूत हक्क आहे. कलमाचा आकडा तोच राहिला. दोन्ही वेळा मी मत दिलं. दुसऱ्या वेळी निकाल माझ्या मनासारखा लागला, तरी मतपत्रिकेवरचा तो गोल काळा करताना आनंदापेक्षा संकोचच जास्त वाटला. कसला संकोच, ते सांगायचंय.

इकडे नव्याने आलेला मराठी माणूस या प्रकाराने गोंधळतो. आपल्याला घटना एकच माहीत, आणि ती बदलायची तर संसदेने. ३६८वं कलम, दोनतृतीयांश बहुमत, काही बाबतींत निम्म्या राज्यांची संमती, आणि १९७३च्या केशवानंद भारती खटल्यापासून मूळ चौकटीला हात लावायचा नाही हे वर. तुम्हाआम्हाला थेट कुणी विचारत नाही. अमेरिकेत देशाची घटना वेगळी, प्रत्येक राज्याची वेगळी. कॅलिफोर्नियाची सध्याची घटना १८७९ची, आणि तिच्यात आजवर पाचशेहून जास्त दुरुस्त्या झाल्यात. याचं मूळ १९११ सालात आहे. विधिमंडळ रेल्वे कंपनीच्या खिशात गेलंय, म्हणून हायरम जॉन्सन या गव्हर्नरच्या पुढाकाराने लोकांच्या हाती थेट अधिकार दिला गेला. मागच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत जेवढी मतं पडली त्याच्या ८ टक्के सह्या जमवा, तुमची घटनादुरुस्ती मतपत्रिकेवर येते. मग निम्म्याहून एक मत जास्त पडलं की झालं काम.

गावच्या शाळेच्या दुरुस्तीसाठी कर्जरोखे काढायचे असतील तर इथे ५५ टक्के मतं लागतात. घटनेतला हक्क काढून घ्यायला ५० टक्के अधिक एक पुरतं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनदा विचारून खात्री करून घेतली होती.

तर २००८. त्याआधी चार वर्षं, फेब्रुवारी २००४मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोचे तेव्हाचे महापौर गॅव्हिन न्यूसम यांनी नगरभवनात समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने द्यायला सांगितले. पहिला परवाना डेल मार्टिन आणि फिलिस लायन या दोघींना मिळाला. पन्नास वर्षं एकत्र राहिलेल्या, ऐंशीच्या घरातल्या बायका. महिनाभरात चारेक हजार लग्नं लागली आणि ऑगस्टमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी रद्द ठरवली, कारण महापौराला तो अधिकारच नव्हता. पुढे मे २००८मध्ये त्याच न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा निकालाने बंदीचा कायदाच घटनाबाह्य ठरवला. १६ जूनला डेल आणि फिलिस पुन्हा बोहल्यावर उभ्या राहिल्या. दहाएक आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये, डेल गेली.

त्या उन्हाळ्यात परवान्याच्या अर्जावरचे ‘वधू’ आणि ‘वर’ हे रकाने काढून ‘पक्ष अ’ आणि ‘पक्ष ब’ असे रकाने घातले होते. आमच्या ऑफिसातल्या एकीने ऑक्टोबरात घाईघाईने लग्न उरकलं तेव्हा तो कागद मला दाखवला. ‘हे लग्न आहे की जमिनीचा सौदा?’ असं म्हणून ती हसत होती. घाई अशासाठी की नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आठव्या क्रमांकाचा प्रस्ताव आला होता, म्हणजे हेच साडेसातवं कलम. ज्या हक्कावर न्यायालयाने मे महिन्यात शिक्का मारला, तो नोव्हेंबरात लोकांना विचारून काढून घ्यायचा होता. पाच महिन्यांच्या त्या फटीतून सुमारे अठरा हजार जोडप्यांनी लग्नं करून घेतली.

फ्रीमाँटच्या आमच्या गल्लीत घरांपुढच्या हिरवळीवर पिवळ्या पाट्या उगवल्या. टीव्हीवर सारखी एक जाहिरात लागायची. लहान मुलगी शाळेतून येऊन आईला सांगते, आज आम्हाला शिकवलं की राजपुत्र राजपुत्राशी लग्न करतो, आणि आईच्या चेहऱ्यावर चिंता. दोन्ही बाजूंनी मिळून आठ कोटी डॉलरच्या वर खर्च झाला. बराक ओबामांची भूमिका तर अशी की लग्न स्त्री-पुरुषाचंच, पण हा प्रस्ताव मात्र नको. आपल्याकडचे पुढारी याहून वेगळं काय बोलतात?

दिवाळी त्या वर्षी २८ ऑक्टोबरला होती, मतदानाच्या बरोबर आठवडाभर आधी. फराळाला जमलेल्या मंडळींत विषय निघालाच. सात-आठ कुटुंबं, सगळी शिकलेली. कुणीही वाईट बोललं नाही, हे मुद्दाम सांगते. ‘राहू देत की एकत्र, आपल्याला काय करायचंय? पण लग्न कशाला म्हणायचं?’ एक गृहस्थ चकलीचा तुकडा मोडत म्हणाले. ‘सगळे हक्क आधीच दिलेत त्यांना.’ त्यात तथ्य होतं. नोंदणीकृत सहजीवनाला राज्याने विवाहाइतकेच जवळजवळ सगळे हक्क दिले होते. पण देशाच्या सरकारचे नियम वेगळे. १९९६च्या केंद्रीय कायद्याने समलिंगी जोडीदाराला जोडीदार मानायलाच नकार दिला होता. आमच्यातल्या निम्म्या बायका एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नावावर, या देशात आलेल्या. कागदावर ‘पत्नी’ लिहिलेलं असणं म्हणजे काय, हे आमच्याहून जास्त कुणाला कळणार होतं? मी हे बोलले, पण तोवर कुणीतरी चहा आणला आणि गाडी ओबामांवर गेली.

४ नोव्हेंबरला रात्री ओबामा निवडून आले. लोक रस्त्यावर येऊन नाचत होते. त्याच रात्री आठवा प्रस्ताव ५२ टक्क्यांनी मंजूर झाला. त्याच मतपत्रिकेवर आणखी एक प्रस्ताव होता, पोल्ट्रीतल्या कोंबड्यांना पंख पसरता येतील एवढी जागा द्यावी असा. तो ६३ टक्क्यांनी मंजूर झाला. कोंबड्यांबद्दल मला काहीही म्हणायचं नाही, त्यांना जागा मिळायलाच हवी होती. पण ऑक्टोबरात लग्न उरकलेल्या त्या मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एवढंच म्हटलं, ‘कोंबडी असते तर बरं झालं असतं,’ आणि आम्ही कुणीच वर बघितलं नाही.

तेव्हाच मला आमची नोटीस आठवली होती.

आमचं लग्न पुण्यात, विशेष विवाह कायद्याखाली झालं. नवरा नगरकडचा मराठी ख्रिश्चन, मी कोथरूडची देशस्थ. तो कायदा १९५४चा, आणि त्याचा नियम असा की लग्नाआधी तीस दिवसांची नोटीस द्यायची. ती विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावतात. आमची लावली होती जाळीच्या दाराच्या फळ्यावर, कुठल्याशा निविदेच्या शेजारी, एका कोपऱ्याची टाचणी निघून लोंबणारी. दोघांची नावं, वयं, धंदा, पत्ता. कुणाची हरकत असल्यास कळवावे. माझे सख्खे मामा हरकत घ्यायला गेले होते. तिथल्या कारकुनाने शांतपणे सांगितलं, हरकत लेखी द्या, आणि कारण लिहा. कारणं कायद्यात ठरलेली आहेत, म्हणजे वय कमी, पहिलं लग्न शिल्लक, जवळचं नातं, अशी. ‘आम्हाला पसंत नाही’ हे त्यात बसत नाही. मामा परत आले. मामांचा राग पुढे निवळला, दोन वर्षांनी ते आमच्याकडे राहायलाही आले. पण त्या महिन्यात कचेरीत दाखल्यासाठी आलेला कुणीही आमचं वय वाचून मान हलवून जात असेल, हा विचार अंगावर यायचा. हे सगळे कोण? यांना का विचारताय?

निदान आमच्या मामांना कारण लिहून द्यावं लागणार होतं. २००८ साली ५२ टक्क्यांना कुणी कारण विचारलं नाही. मतपत्रिका कारण विचारतच नाही.

पुढचा कोर्टकचेऱ्यांचा प्रवास थोडक्यात सांगते. २००९मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम केली, पण आधीची अठरा हजार लग्नं शाबूत ठेवली. परिणामी माझ्या ऑफिसातली मैत्रीण विवाहित, आणि तिचा भाऊ, ज्याला त्या उन्हाळ्यात सुट्टी मिळाली नव्हती, तो कायमचा ‘पार्टनर’. ऑगस्ट २०१०मध्ये संघीय न्यायाधीश व्हॉन वॉकर यांनी ती दुरुस्ती देशाच्या घटनेच्या विरोधात ठरवली. या खटल्यात जोडप्यांचे वकील होते टेड ऑल्सन आणि डेव्हिड बॉइज. २०००च्या अध्यक्षीय निवडणुकीवरून झालेल्या बुश विरुद्ध गोर खटल्यात हेच दोघे एकमेकांसमोर उभे होते. २६ जून २०१३ला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की राज्य सरकारच अपिलात आलेलं नाही, तेव्हा प्रस्तावाच्या समर्थकांना अपील करण्याचा अधिकार नाही. वॉकरांचा निकाल उभा राहिला. दोनच दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनात फिर्यादी जोडप्याचं लग्न लागलं, आणि ते लावलं राज्याच्या तेव्हाच्या अॅटर्नी जनरल कमला हॅरिस यांनी. दोन वर्षांनी, पुन्हा २६ जूनलाच, ओबरगेफेल खटल्याने हा हक्क देशभर दिला.

झालं, संपलं, असं सगळ्यांना वाटलं. मलाही. पण घटनेतली ओळ कुणी खोडली नव्हती. न्यायालय कलम निष्प्रभ करतं, छापील घटनेतून काढत नाही. ते लोकांनी घातलं, काढायचं तर लोकांनीच.

मेलेल्या ओळीची एवढी काय चिंता, असं विचारणाऱ्यांना मी अलाबामाचं उदाहरण देते. गोऱ्या आणि काळ्यांच्या विवाहाला बंदी घालणारं कलम त्या राज्याच्या घटनेत होतं. १९६७ साली लव्हिंग खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने असल्या बंद्या मोडीत काढल्या. अलाबामाच्या घटनेतली ओळ मात्र आणखी तेहेतीस वर्षं तशीच होती. २००० साली ती काढायची का, असं लोकांना विचारलं तेव्हा काढली गेली खरी, पण सुमारे ४० टक्के लोकांनी ती ठेवा म्हणून मत दिलं. कॅलिफोर्नियाचे हातही फार स्वच्छ नाहीत. इथेही १९४८पर्यंत असा कायदा होता. शंभर वर्षांपूर्वी इंपीरियल खोऱ्यात शेती करायला आलेल्या पंजाबी माणसांना गोऱ्या बाईशी लग्न करता येत नसे, म्हणून अनेकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. काउंटीचा कारकून दोघांच्या रंगाकडे बघायचा आणि अर्जावर दोघांपुढेही ‘तपकिरी’ लिहून मोकळा व्हायचा. त्या कारकुनाला त्या दिवशी दोघांचा रंग वेगळा वाटला असता तर?

२०२२ साली ती निजलेली ओळ पुन्हा सगळ्यांना आठवली. जूनमध्ये डॉब्स खटल्यात गर्भपाताचा जवळजवळ पन्नास वर्षांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला, आणि न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात लिहिलं की ओबरगेफेलचाही फेरविचार व्हायला हवा. वर्षअखेर काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, विवाह सन्मान कायदा केला. पण त्यातही मेख आहे. एका राज्यात झालेलं लग्न देशाच्या सरकारने आणि दुसऱ्या राज्यांनी मानायचं, एवढंच तो सांगतो. उद्या ओबरगेफेल गेलं तर नवे परवाने द्यायची सक्ती कुठल्याही राज्यावर नाही. म्हणजे मग राज्याची घटना काय म्हणते ते बघायचं, आणि कॅलिफोर्नियाची घटना म्हणत होती, फक्त स्त्री आणि पुरुष. देशातलं सगळ्यात उदारमतवादी म्हणून मिरवणारं राज्य!

मग विधिमंडळाने दोनतृतीयांशाने ठराव केला आणि २०२४च्या मतपत्रिकेवर तिसऱ्या क्रमांकाचा प्रस्ताव आला. तेव्हाही दिवाळीच. या वेळच्या फराळाला तिसऱ्या प्रस्तावाचा कुणी उल्लेखही केला नाही. भांडणं झाली ती ट्रम्प आणि कमलाताईंवर, आणि दुकानातल्या चोऱ्यांची शिक्षा वाढवणाऱ्या छत्तिसाव्या प्रस्तावावर. २००८ साली ‘लग्न कशाला म्हणायचं’ म्हणणारे गृहस्थ आता सत्तरीला आलेत. मी मुद्दाम विचारलं. ‘तिसरा? तो तर हो आहे ना,’ म्हणाले, जणू कायमच तसं होतं. मी पुढे खोदलं नाही.

माझी एक मैत्रीण आहे, मुंबईत बँकेत अधिकारी होती, निवृत्त होऊन मुलाजवळ इकडे आली आणि पुढे नागरिक झाली. तिच्या मुलाचं लग्न एका मुलाशी झालंय. ते कसं झालं, अंतरपाट कुणी धरला, गुरुजी कुठून मिळाले, हा वेगळा लेख होईल. आम्ही दोघी मतपत्रिका घेऊन माझ्या जेवणाच्या टेबलावर बसलो. कॅलिफोर्नियात ती घरी टपालाने येते, सोबत माहितीची जाडजूड पुस्तिका. त्या वर्षी राज्याचे दहा प्रस्ताव होते. पुस्तिका हिंदीतही निघते, पण मैत्रिणीला सरकारी हिंदी वाचण्यापेक्षा इंग्रजी बरी वाटते. तिने चष्मा लावून तिसऱ्या प्रस्तावाचं पान शेवटपर्यंत वाचलं, विरोधकांची बाजूसुद्धा. त्या पानावर राज्याच्या आर्थिक विश्लेषकाने लिहिलं होतं की याने राज्याच्या जमाखर्चात काहीही बदल होणार नाही. आज कोण लग्न करू शकतं, त्यात काहीच फरक पडणार नव्हता.

‘म्हणजे आपण फुकट मत देतोय?’ मी म्हटलं.

‘फुकट कसं? बोजा आहे ना उताऱ्यावर. कर्ज फिटलं तरी बोजा उतरवून घ्यावाच लागतो, नाहीतर विकताना नडतं.’ तिने गोल भरला, अगदी कडेला न जाता.

मी तिला माझा संकोच सांगितला. तुझ्या मुलाच्या लग्नावर माझं मत काय म्हणून घ्यायचं? मी हो म्हटलं तरी, मला विचारता येतं असं मान्य केल्यासारखंच होतं ना. ती म्हणाली, ‘कोर्टाने दिलेलं कोर्ट काढून घेतं हे बघितलंस ना? इतक्या लोकांनी हो म्हटलं की जरा धीर येतो.’ मी म्हटलं, २००८मध्येही इतकेच लोक होते. ती म्हणाली, ‘ते तेव्हाचे.’ तिचं खरं की माझं, हे आमचं अजून ठरलेलं नाही.

प्रस्ताव ६२.६ टक्क्यांनी मंजूर झाला. कोलोरॅडोनेही त्याच दिवशी आपल्या घटनेतली तशीच ओळ काढली. हवाईने, जिथे १९९३च्या खटल्यामुळे हा सगळा वाद देशभर पेटला होता, तिथे विधिमंडळाला विवाह मर्यादित करण्याचा दिलेला अधिकार परत घेतला. या सगळ्यांच्या आधी, २०२०मध्ये, नेवाडाने बंदी काढून समलिंगी विवाह घटनेतच लिहून टाकला होता, तेही ६२ टक्क्यांनी. आणि कॅलिफोर्नियाच्या त्याच मतपत्रिकेवर एक सहावा प्रस्ताव होता, तुरुंगातल्या कैद्यांकडून सक्तीने काम करून घेणं घटनेतून काढून टाकावं असा. तो लोकांनी फेटाळला. कोंबड्यांच्या निकालावर हसणाऱ्यांपैकी किती जणांनी हे लक्षात ठेवलं, देव जाणे. ८ टक्के सह्या आणि ५० टक्के अधिक एक, हा नियम तसाच आहे. साडेसातवं कलम ज्या वाटेने आलं आणि गेलं ती वाट मोकळीच आहे.

पुण्याच्या त्या फळ्याची गोष्टही संपलेली नाही. आमचं लग्न ज्या १९५४च्या कायद्याने लागलं, त्याच कायद्याखाली समलिंगी जोडप्यांनाही लग्न करू द्यावं, म्हणून भारताच्या सर्वोच्च न्यायालयात याचिका झाल्या होत्या. काही याचिकाकर्त्यांनी तीस दिवसांच्या नोटिशीलाही आव्हान दिलं होतं. १७ ऑक्टोबर २०२३ला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने निकाल दिला. बऱ्याच गोष्टींवर पीठ तीन विरुद्ध दोन असं फुटलं आणि खुद्द चंद्रचूड अल्पमतात गेले. पण विवाह करण्याचा असा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही, यावर पाचही जणांचं एकमत होतं. हे काम संसदेचं, असं न्यायालय म्हणालं. त्यानंतर तेरा महिन्यांच्या आतच इथल्या लोकांनी आपल्या घटनेत बरोबर तेच वाक्य उलटं लिहिलं. मैत्रिणीचा मुलगा अमेरिकेत विवाहित आहे आणि दादरला आजीकडे गेला की अविवाहित. विमानतळावरच्या फॉर्मवर काय लिहायचं, हे तो आईला फोन करून विचारतो, आणि तिलाही माहीत नसतं.

निकाल लागल्यावर थोड्याच दिवसांत तिचा फोन आला. मुलाला बढती मिळतेय, पण कचेरी डॅलसला. तिकडे मराठी मंडळी भरपूर, घरं स्वस्त, सगळं चांगलं. तिने विचारलं, ‘तिकडच्या घटनेत काय लिहिलंय गं?’

मी शोधून वाचून दाखवलं. टेक्ससची घटना, पहिलं प्रकरण, बत्तिसावं कलम, या राज्यात विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचंच मीलन. २००५ साली ७६ टक्क्यांनी मंजूर. असं कलम घटनेत अजून असलेली पंचवीसहून जास्त राज्यं आहेत.

‘पण त्यांचं लग्न इथे झालंय. ते मानावं लागेल ना?’

लागेल, मी म्हटलं. तो नवा कायदा आहे तोवर.

‘आणि ते कलम काढायला सह्या किती लागतात?’

टेक्ससमध्ये सह्यांची सोयच नाही. आधी दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मिळायला हवेत, मगच मतदान. आणि विधिमंडळाचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, विषम साली.

पलीकडे कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. ‘म्हणजे या जानेवारीत आहे,’ ती म्हणाली. ‘आमदार कोण आहे बघून ठेव तिकडचा.’